क्लबसाठी वॉटर स्की स्पर्धा-बोट: तुलना आणि खरेदीच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

क्लबची सध्याची बोट आणखी एक हंगाम चालवायची की तिच्या जागी दुसरी घ्यायची, हा प्रश्न कार्यकारिणीने गेल्या बैठकीत निकालात काढला. दुसरी बोट घ्यायची हे नक्की झाले आहे. कोणती घ्यायची याची तुलना करून अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अहवाल शेवटी एका पानाचा होईल, परंतु त्या पानावरचा निर्णय कशाच्या आधारे घेतला असे पुढे कोणी विचारले, तर दाखवायला कागद असावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

बोटींकडे वळण्यापूर्वी ती कोणाला ओढणार आहे हे लिहून ठेवतो. आमचे बहुसंख्य सभासद स्लॅलम करतात (म्हणजे बोये, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, यांना आळीपाळीने डावी-उजवीकडून वळसे घालत जातात), आणि तेही ताशी ४६ ते ५२ किलोमीटर वेगाने, १८.२५ किंवा १६ मीटरच्या दोरावर. ५५ किंवा ५८ च्या वेगाला १३ मीटर व त्याहून आखूड दोरावर जाणारे मोजके आहेत. जंप, म्हणजे पाण्यावरच्या उतारावरून उडी, करणारे त्याहूनही कमी. ट्रिक, म्हणजे पाण्यावरच्या कसरती, शिकणाऱ्या मुलांची संख्या मात्र वाढत चालली आहे. उत्पादकांची माहितीपत्रके वाचताना असे वाटते की जगातील प्रत्येक स्कीअर ५८ च्या वेगाने आणि सर्वांत आखूड दोरावरच जातो. आमच्याकडे तसे नाही, आणि बहुतेक क्लबांत तसे नसावे.

१४ जानेवारी

स्पर्धेची बोट आणि सहलीची वेगवान बोट धक्क्यावर उभ्या असताना बऱ्याच सारख्या दिसतात, त्यामुळे ‘साधीच घेतली तर काय बिघडेल’ असा प्रश्न बैठकीत आला होता. त्याचे उत्तर बोटीच्या पोटात आहे. स्पर्धा-बोटीत इंजिन मध्यभागी असते आणि त्याचा शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, तिरका होऊन थेट तळातून बाहेर पडतो. पंखा पिछाडीच्या बाहेर लोंबत नाही, तो तळाखाली असतो आणि त्याच्या लगेच मागे सुकाणू येते. दोर बांधायचा खांब, म्हणजे पायलन, इंजिनाच्या पेटीला लागून पुढे, बोटीच्या मध्याजवळ रोवलेला असतो. या मांडणीमुळे वजन मध्यावर राहते, पिछाडी पाण्यात रुतत नाही आणि मागे उठणारी लाट लहान राहते. शिवाय स्कीअर एका बाजूला झेपावतो तेव्हा त्याची ओढ, बोट ज्या बिंदूभोवती वळते त्याच्या जवळच पडते. त्यामुळे पिछाडी सहजासहजी बाजूला फेकली जात नाही. तळाच्या मध्यरेषेवरचे फिन उरलेसुरले घसरणे रोखून धरतात.

व्ही-ड्राइव्ह प्रकारात इंजिन पिछाडीला उलटे बसवलेले असते आणि शाफ्ट गिअरबॉक्समधून वळून पुन्हा मागे येतो. वेकबोर्डला, म्हणजे एकाच रुंद फळीवर उभे राहून लाटेवरून उड्या मारण्याच्या खेळाला, मोठी लाट हवी असते, त्यामुळे तिथे मागचे वजन हा गुणच ठरतो. स्लॅलमला तोच दोष आहे. सर्वांचे समाधान करणारी मधली बोट शोधण्याच्या नादात दोन्ही खेळांचे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. व्ही-ड्राइव्ह आणि मागे बाहेर इंजिन असलेल्या बोटी यादीतून काढल्या.

हा खेळ आधी आला आणि त्याच्यासाठीची बोट बरीच नंतर आली. राल्फ सॅम्युअलसन १९२२ मध्ये मिनेसोटातील लेक पेपिनवर फळ्यांवर उभा राहिला तेव्हा त्याला ओढणारी बोट साधीच होती. स्की नॉटिक ही स्पर्धा-बोट १९६१ मध्ये करेक्ट क्राफ्ट या कंपनीकडे आली. मास्टरक्राफ्ट १९६८ मध्ये टेनेसीत आणि मालिबू १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. आजही स्पर्धांत मुख्यतः हीच तीन नावे दिसतात, आणि सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीनेही त्यांच्या बाहेर जाण्यात शहाणपण नाही.

या नोंदींत यापुढे बोटींना अ, ब आणि क असेच म्हणणार आहे. आम्ही उत्पादकांची परीक्षा घेत नसून समोर असलेल्या विशिष्ट बोटींची घेत आहोत. एकाच मॉडेलच्या दोन बोटी पंखा, सुकाणूची जुळणी आणि आजवर झालेली निगा यांवरून वेगळ्या वागतात, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते. अ नवी आणि रुंद तळाची आहे. ब आधीच्या पिढीतील, थोडी अरुंद आणि हलकी, वापरलेली आहे. क ही १९९० च्या सुमाराची असून ती क्लबच्या खिशाला सर्वांत सोपी आहे.

२२ जानेवारी

वेगनियंत्रणाबद्दलचा मुद्दा अहवालात नीट मांडावा लागेल, कारण कार्यकारिणीतील ज्यांनी कधी बोट चालवलेली नाही त्यांना तो चैनीचा भाग वाटतो.

स्लॅलमचा मार्ग प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंत २५९ मीटरचा असतो. द्वारापासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढचे बोये ४१ मीटरच्या अंतराने, आणि प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटर बाजूला. ५८ च्या वेगाला बोटीने हे अंतर १६.०८ सेकंदांत कापायचे असते. ५५ ला १६.९५ सेकंदांत. ५८ ला दोन बोयांमध्ये स्कीअरला अडीच सेकंदांहून किंचित जास्त वेळ मिळतो आणि तेवढ्यात त्याला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन वळायचे असते. पूर्ण फेरीत बोट सेकंदाच्या दहाव्या भागाने आधी पोहोचली तर तिचा सरासरी वेग ५८.३५ झालेला असतो. हा फरक काट्यावर दिसणार नाही, पण शेवटच्या बोयापाशी स्कीअरच्या हातांना जाणवतो.

अडचण अशी की स्कीअर लाटेच्या पलीकडून ओढ घेतो तेव्हा बोट मंदावते, आणि तो बोयाभोवती वळतो तेव्हा दोर सैल पडून बोट पुढे सुटू पाहते. चालकाच्या पायाने किंवा हाताने हे सांभाळणे ही एके काळी कला होती. नंतर इंजिनाचे फेरे स्थिर ठेवणारी उपकरणे आली. परंतु बोटीत माणसे किती, वारा कुठून, स्कीअर किती वजनाचा, यांनुसार तेच फेरे वेगवेगळा वेग देतात, त्यामुळे प्रत्येक स्कीअरसाठी आकडा सरकवत बसावे लागते. आमच्या सध्याच्या बोटीत हेच आहे. जीपीएसवर चालणारी प्रणाली प्रत्यक्ष वेग पाहते आणि थ्रॉटल स्वतः उघडते-मिटते. मोठ्या स्पर्धांत झिरो ऑफ ही अशीच प्रणाली वापरात असल्याने स्पर्धेला जाणाऱ्यांना सरावही तिच्यावरच मिळायला हवा. तिच्यात अक्षर आणि आकडा यांची जोडी निवडता येते: अक्षर इंजिन किती लवकर प्रतिसाद देते ते ठरवते, आकडा तो प्रतिसाद किती जोराचा असावा ते. बी२ ही मधली निवड.

जीपीएस वेगनियंत्रण ही अट म्हणून नोंदवली. बोट क मध्ये ते नाही. मागाहून बसवता येईल का, ते स्वतंत्रपणे पाहायचे आहे.

५ फेब्रुवारी

चाचणीची पद्धत ठरवली. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाण्यावर, वेगवेगळ्या माणसांनी चालवलेल्या बोटींची तुलना म्हणजे निव्वळ गप्पा. आतापर्यंत ऐकलेली बहुतेक मते अशाच गप्पांतून आलेली आहेत.

इंधनाची टाकी प्रत्येक बोटीत अर्धी ठेवायची, कारण भरलेली टाकी पिछाडी खाली दाबते आणि लाटेचा आकार बदलते. चालक आणि निरीक्षक तेच राहतील. तिसरा माणूस बसवायचा नाही. बोट उभी असताना तिच्या आडव्या फळीवर सपाटी दाखवणारे पाणपातळीचे उपकरण ठेवून ती एका बाजूला कलत नाही ना ते पाहायचे. कललेली बोट एका बाजूची लाट कठीण आणि दुसरीकडची मऊ करते, आणि मग स्कीअर दोष तळाला देतो. मार्ग तोच, दोर तेच, सेटिंग सर्वत्र बी२. एकदा अ आधी, एकदा ब आधी, म्हणजे थकलेल्या पायांचा दोष कायम एकाच बोटीच्या वाट्याला येणार नाही. उथळ पाण्यात लाट जास्त कठीण होते, म्हणून खोल बाजूचा मार्गच वापरायचा.

प्रत्येक स्कीअरने किनाऱ्यावर येताच, दुसऱ्याशी बोलण्याआधी कागदावर लिहायचे. हा नियम सर्वांत महत्त्वाचा ठरेल असे वाटते, कारण आमच्याकडे दोन अनुभवी सभासदांचे मत ऐकले की बाकीच्यांचे मत आपोआप तसेच होते.

१२ फेब्रुवारी

अ आणि ब दोन्ही पाण्यावर मिळाल्या. पाणी काचेसारखे होते.

आजची मुख्य गोष्ट म्हणजे १६ मीटरच्या दोरावरची लाट. बोटीमागे दोन्ही कडांना तिरक्या लाटा उठतात आणि त्यांच्या मधोमध पंख्याने ढवळलेले फेसाळ पाणी वर येते. स्कीअर लाटा कुठे ओलांडतो हे दोराच्या लांबीवर अवलंबून असते. १३ मीटर किंवा त्याहून आखूड दोरावर तो पिछाडीच्या इतका जवळ असतो की लाटांना अजून उंची आलेली नसते; तिथे पाणी जवळपास सपाट असते. १६ मीटरवर मात्र स्की नेमकी अशा जागी येते, जिथे ढवळलेले पाणी एक घट्ट उंचवटा तयार करते. त्यातच वेग कमी असेल तर तळ पाण्यात अधिक खोल बसतो आणि लाट आणखी उभी होते. म्हणजे आमच्या बहुसंख्य सभासदांचा वेग आणि दोर, दोन्ही नेमके बोटीच्या सर्वांत अवघड जागेवर येऊन पडतात.

४९ च्या वेगाला, १६ मीटरवर, अ च्या मागे हा उंचवटा स्पष्ट जाणवला. स्की त्यावर आदळते तेव्हा गुडघे वर येतात, वजन टाचेवर जाते आणि पुढच्या बोयाकडे निघताना स्कीच्या कडेची पाण्यावरची पकड सुटते. नव्याने १६ वर आलेल्या दोघांनी याच जागी हँडल सोडले. ब च्या मागे उंचवटा आहेच, पण त्याच्या कडा गोलसर आहेत. स्की त्यावरून जाते, आदळत नाही. ५२ ला फरक कमी झाला. ५५ ला आणि १३ मीटरच्या दोरावर फरक आहे असे ठामपणे कोणीच लिहिले नाही.

अ च्या पिछाडीला लाट आवरण्यासाठी छोटे फ्लॅप आहेत. ते वेगवेगळ्या स्थितींत ठेवून पाहिले. ४९ ला काहीसा फरक पडला, पण ब च्या बरोबरीला ती आली नाही.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस चालकांचा. स्कीअरांच्या मतांइतकेच चालकांचे मत मोजायला हवे.

मार्गाच्या मध्यातून जाताना बोटीला दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शक बोयांमधून जावे लागते आणि या जोडीतील अंतर २.३ मीटर असते. म्हणजे मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला १.१५ मीटर. बोट तिथे अक्षरशः अंग चोरून जाते. १२ मीटरच्या दोरावरचा वजनदार स्कीअर ओढ घेतो तेव्हा नाळ (बोटीचे पुढचे टोक) मध्यरेषेवर ठेवणे किती कठीण असते, ते त्या जागेवर बसल्याशिवाय कळत नाही. चालकाला ओढ येण्याच्या क्षणाआधी सुकाणूचे चाक किंचित विरुद्ध दिशेला न्यावे लागते. ओढ आल्यावर नेले तर उशीर झालेला असतो आणि बोट नागमोडी चालू लागते.

या बाबतीत अ निःसंशय सरस आहे. ती रुळावर ठेवल्यासारखी जाते. चालकाने चूक केली तरी ती झाकून घेते. ब ला सतत हात लावून धरावे लागते, आणि तिचे चाक सरळ जातानाही एका बाजूला किंचित खेचते. पंख्याच्या फिरण्यामुळे असे खेचणे येते, आणि सुकाणूच्या मागच्या कडेला थोडे कानसकाम करून ते कमी करता येते. काम नाजूक आहे आणि कापलेली धातू परत जोडता येत नाही, म्हणून ते जाणकाराकडूनच करून घ्यावे लागेल.

मागे घेताना दोन्ही बोटी एकाच बाजूला वळतात, हा थेट शाफ्टच्या बोटींचा स्वभावच आहे. धक्क्याला लावताना ती बाजू कोणती हे नव्या चालकाला पहिल्याच दिवशी शिकवावे.

२६ फेब्रुवारी

वाऱ्यामुळे चाचणी झाली नाही.

४ मार्च

ट्रिक आणि जंप.

ट्रिकसाठी लाट हवी असते, फक्त ती नीटस असावी लागते: कडा स्पष्ट, मधला भाग सपाट आणि फेस कमी. वेग स्कीअर स्वतः निवडतो, साधारण ताशी २७ ते ३४ किलोमीटरच्या मध्ये. फेरी २० सेकंदांची असते. अ आणि ब दोन्हींची लाट मुलांना आवडली. अ ची थोडी उंच असल्याने उडीला सोपी, असे मोठ्या मुलांनी लिहिले. लहानांना ब बरी वाटली. ट्रिकमध्ये स्कीअर पाय अडकवून ओढला जातो तेव्हा पडल्यावर दोर तत्काळ सोडावा लागतो. त्यासाठी पायलनवर सुटका-यंत्र बसवायला ब मध्ये जागा आहे, पण सध्याचे यंत्र घट्ट चालते. ते बदलायचे, डागडुजी करून ठेवायचे नाही. ज्या वस्तूवर एखाद्या मुलाचा गुडघा अवलंबून आहे तिथे काटकसर नको.

जंपमध्ये पुरुषांना कमाल ५७ चा वेग आणि १.८० मीटरपर्यंतचा उतार असतो. जंपर बोटीच्या एका बाजूने बाहेर जाऊन उताराकडे झेप घेतो तेव्हाची ओढ स्लॅलमहून कितीतरी मोठी असते, आणि त्या क्षणी इंजिनाकडे जोर शिल्लक असावा लागतो. अ चे ६.२ लिटरचे इंजिन या ओढीला जराही दबत नाही. ब चे ५.७ लिटरचे इंजिन दबते आणि मग सावरते. दोघा जंपरांनी हा फरक लिहिला. त्यांच्यापैकी एकाने तर तो अधोरेखित केला.

११ मार्च

बोट क बघायला गेलो. बाहेरून ती देखणी आहे, कव्हरखाली ठेवलेली आहे आणि मालकाने ट्रेलरसुद्धा रंगवला आहे.

तिच्या तासमापकावर दिसणारे तास बोटीच्या वयाच्या मानाने फारच कमी होते. मापक बदललेला असावा अशी शंका त्याच्या काचेकडे पाहूनच आली. शेजारच्या सर्व मापकांच्या काचा उन्हाने पिवळ्या पडल्या होत्या आणि ही एकटी लख्ख होती. विचारल्यावर मालकाने दुरुस्तीच्या वेळी तो बदलला असे मान्य केले, पण आधीचे तास कुठेही लिहून ठेवलेले नाहीत. नव्या इंजिनांत संगणक तास स्वतः मोजतो आणि ते वाचून घेता येतात. इतक्या जुन्या इंजिनात तशी सोय नाही, त्यामुळे मालकाच्या शब्दापलीकडे पुरावा नाही.

त्याहून गंभीर बाब तळाशी होती. त्या काळातील अनेक बोटींत तळाला बळकटी देणाऱ्या उभ्या तुळया लाकडाच्या असून वरून फायबरग्लासने मढवलेल्या असत. इंजिनाचे बोल्ट याच तुळयांत आवळलेले असतात. बोल्टच्या छिद्रातून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की लाकूड आतून कुजते आणि बाहेरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. इंजिनाच्या पुढच्या पायाचा बोल्ट पान्याने आवळून पाहिला. तो आवळला न जाता नुसताच फिरत राहिला. लाकडी मुठीच्या हातोडीने तुळईवर ठोकत गेलो, तर इतरत्र टणक येणारा आवाज त्या पायाजवळ बद्द येत होता. तुळया बदलायच्या म्हणजे इंजिन काढायचे, फरशी कापायची आणि बोट अर्धी नव्याने बांधायची. तिचे थ्रॉटलही केबलवरचे आहे, त्यामुळे जीपीएस नियंत्रणाचा खर्च वेगळा.

क यादीतून बाद. तिच्या कमी किमतीमुळे बैठकीत तिची बाजू घेणारे असतील, म्हणून बोल्टचे आणि तुळईचे छायाचित्र अहवालाला जोडतो.

१३ मार्च

ब ची तपासणी, मेकॅनिकसह. इंजिनाच्या संगणकातील तास आणि चालकासमोरच्या मापकावरचे तास जुळतात. सिलिंडरांचा दाब एकसारखा आहे. तेलात पाणी नाही. तळाच्या तुळया फायबरग्लासच्या आहेत, लाकूड नाही. शाफ्टला आधार देणाऱ्या ब्रॅकेटमधील रबरी बेअरिंग झिजले आहे, शाफ्ट हाताने वरखाली हलतो, बदलावे लागेल. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांमध्ये फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, फिरवून पाहिले तर एका बाजूला फट मर्यादेहून जास्त आहे. ही फट इंचाच्या तीन हजारांशाहून, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटरहून जास्त नसावी. कंप कुठून येतो हे त्यावरून कळले. जुळणी करता येते, त्यासाठी सुटे भाग लागत नाहीत, फक्त चिकाटी लागते.

पंख्याच्या एका पात्याच्या टोकाला चेप आहे. पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर कडक झालेला आहे. तो तसाही दर हंगामाला बदलावा.

१९ मार्च

इंजिनांबद्दल थोडक्यात. स्पर्धा-बोटींतील इंजिने मुळात मोटारगाड्यांच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांवरून पाण्यासाठी घडवलेली असतात: जुन्या बोटींत ५.७ लिटर, नंतर ६.० लिटर, अलीकडे थेट इंधन फवारणीची ५.३ आणि ६.२ लिटरची. दोन माणसे बोटीत आणि एक मागे, एवढ्या कामाला लहान इंजिन पुरते. मोठे इंजिन जंपला आणि माणसांनी भरलेल्या बोटीला उपयोगी पडते. स्लॅलममध्ये मोठ्या इंजिनाचा एक तोटाही ऐकायला मिळतो, तो असा की त्याच सेटिंगवर ओढ अधिक झटक्याने येते. आमच्या कागदांवर काही जणांनी अ बद्दल तसे लिहिले आहे, पण सेटिंग एक पायरी मऊ केल्यावर ती तक्रार राहिली नाही, त्यामुळे तिला वजन देत नाही.

२५ मार्च

सर्व कागद एकत्र करून वाचले. निकाल सरळ नाही, आणि तो सरळ असल्याचे अहवालात दाखवणार नाही.

अ मार्गावर स्थिर राहते, तिच्यात जोर जास्त आहे आणि नवी असल्याने काही वर्षे दुरुस्ती लागणार नाही. ब ची लाट १६ मीटरवर आणि कमी वेगाला स्पष्टपणे मऊ आहे. १३ मीटरपासून पुढे लाटेच्या बाबतीत दोघी सारख्या. मग प्रश्न उरतो तो बोटीच्या स्थिर चालीचे मोल किती आणि मऊ लाटेचे किती, एवढाच. क्लबचे सर्वांत चांगले स्कीअर अ च्या बाजूने आहेत आणि बैठकीत त्यांचाच आवाज मोठा असतो. त्यांचा एक युक्तिवाद दमदार आहे: आपले चालक स्वयंसेवक आहेत, काही नवखे आहेत, आणि चालकाची चूक झाकणारी बोट नवख्यांनाच जास्त हवी.

यावर बराच विचार केला. बोट मध्यरेषेवरून वीतभर सरकली तर त्याचा फटका कोणाला बसतो, हे पाहिले पाहिजे. बोया ११.५ मीटरवर आहे. ११.२५ मीटरचा दोर त्याहून आखूड, म्हणजे स्कीअरला हात आणि अंग ताणूनच बोया ओलांडता येतो. तिथे वीतभर अंतर म्हणजे फेरी पूर्ण होणे किंवा न होणे. १६ मीटरच्या दोरावर स्कीअरकडे साडेचार मीटर दोर शिल्लक असतो. बोट वीतभर हलली तर त्याला कळतसुद्धा नाही. त्याचे लक्ष त्या उंचवट्याकडे असते. आखूड दोराच्या स्कीअरांना ओढायला आम्ही आजही अनुभवी चालकच बसवतो. म्हणजे अ ची स्थिर चाल ज्यांच्या उपयोगाची आहे ते मोजके आहेत आणि त्यांना चांगला चालक मिळतोच. ब ची मऊ लाट ज्यांच्या उपयोगाची आहे ते बहुसंख्य आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांना दुसरा पर्याय नाही. नवखा चालक शिकून सुधारतो, तळाचा आकार मात्र आहे तसाच राहतो.

जंपरांचे नुकसान होते, हे अहवालात स्पष्ट लिहीन. ब त्यांना ओढू शकते, पण त्यांना हवी तशी नाही.

शिफारस: बोट ब.

१ एप्रिल

बैठक लांबली. क बद्दल अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला. बोल्टचे छायाचित्र फिरवल्यावर तो विषय संपला. अ च्या बाजूने बोलणाऱ्यांनी पुढे विकताना तिचे मोल टिकेल हा नवा मुद्दा मांडला. मुद्दा खोटा नाही, परंतु क्लब बोट विकण्यासाठी घेत नाही. एका जंपरने दर हंगामात काही दिवस शेजारच्या क्लबची बोट मागून घेता येईल का, असे स्वतःहून सुचवले. तो प्रस्ताव सचिवांकडे दिला. मतदानात ब ला बहुमत मिळाले, दोन अटींवर: बेअरिंग आणि शाफ्टची जुळणी विक्रेत्याने ताबा देण्यापूर्वी करून द्यावी, आणि ताबा पाण्यावरील चाचणीनंतरच घ्यावा.

१२ एप्रिल

ताबा घेण्यापूर्वीची चाचणी झाली. शाफ्ट हाताने हलत नाही, फीलर गेज आता सर्व बाजूंनी सारखेच अडते आणि ५५ च्या वेगाला फळीवर ठेवलेल्या पेल्यातील पाणी स्थिर राहिले. बोट पाण्यातून काढल्यावर शाफ्टच्या सीलजवळ तळ कोरडा होता. १६.९५ सेकंदांची फेरी दोन्ही दिशांनी घड्याळावर पडताळून पाहिली.

उरलेली कामे: चेपलेला पंखा दुरुस्तीला देऊन त्याच्या जागी नवा बसवणे आणि दुरुस्त झालेला राखीव ठेवणे, इम्पेलर बदलणे, ट्रिकचे सुटका-यंत्र नवे घेणे, तोवर मुलांच्या पाय अडकवून करायच्या ट्रिक बंद, ट्रेलरच्या टायरवरील उत्पादनाची तारीख पाहून जुने टायर बदलणे. सुकाणूचे कानसकाम नवा पंखा बसल्यावरच करायचे, कारण पंखा बदलला की खेचणेही बदलते. चालकांच्या प्रशिक्षणासाठी १६ मीटरच्या दोरावरील स्कीअर निवडावेत आणि पहिल्या महिन्यात नव्या चालकाशेजारी अनुभवी चालकाने निरीक्षक म्हणून बसावे, असे वेळापत्रक सचिवांना पाठवले आहे.